लष्कराच्या जागेतले जुने गोटे कसे सांभाळायचे: विदर्भातल्या पोट्ट्यांसाठी पायरी-पायरीनं

पुरातत्त्व घेऊन एमए करणारे आपल्याकडचे पोट्टे नेहमी विचारतात का दादा, आमच्या गावाजवळच्या लष्कराच्या गोळीबाराच्या रेंजमधे मोठमोठे गोटे गोल लावलेले दिसतात, म्हातारे म्हणतात गवळी राजाच्या काळातले आहेत, तिथं आपल्याला जाता येईल का, काही काम करता येईल का. येते. पण ते काम कॉलेजात शिकवलेल्या उत्खननासारखं नसते, त्यात खुरपं जवळपास लागतच नाही. जागा शोधायची, मोजायची आणि ती लष्कराच्या स्वतःच्या नकाशावर आणि फायलीत चढवायची, एवढंच काम. रेंज ऑफिसरच्या टेबलावरच्या नकाशात तुमचं शिळावर्तुळ, म्हणजे ते गोल लावलेले गोटे, नसलं तर तुमच्या प्रबंधात ते कितीही छान छापलेलं असो, रणगाडा त्याच्यावरूनच जाणार.

आपल्याकडं लष्करात पुरातत्त्वज्ञ अशी पोस्ट नाही हे आधीच सांगून ठेवतो. अमेरिकेत १९६६ च्या वारसा कायद्यातल्या कलम १०६ मुळं सरकारी जागेवर रस्ता करायचा असला तरी आधी तिथं जुनं काही आहे का ते पाहावं लागते, म्हणून तिथल्या मोठ्या तळांवर पगारी पुरातत्त्वज्ञ असतात. इंग्लंडमधे सॅलिसबरी प्लेनवर रणगाडे फिरतात आणि तिथंच प्राचीन दफनं पण आहेत, तिथं संरक्षण खात्याचेच लोक ती सांभाळतात. आपण बाहेरचे. विद्यापीठाकडून, पुरातत्त्व खात्याकडून नाहीतर एखाद्या प्रकल्पाचे सल्लागार म्हणून जाणारे.

लष्कराच्या जागेतच हे सगळं काहून उरलं?

बाहेर पाहा ना. नागपूरच्या भोवती लेआउट पडले, मुरमाच्या खदानी झाल्या, वावरात ट्रॅक्टर आला आणि गोटे धुऱ्यावर गेले. जुनापाणीला तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत, १८७९ मधे रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं तिथं खणलं होतं, ते तरी संरक्षित आहे. बाकी कितीतरी जागांना कोणी वालीच नाही. कुंपणाच्या आत मात्र नांगर नाही, प्लॉट नाही, जेसीबी कमी. संरक्षण खात्याकडं देशभरात सुमारे १८ लाख एकर जमीन आहे आणि छावण्यांमधे त्यातली जेमतेम दीड-पावणेदोन लाख, बाकी बहुतेक बाहेर पसरलेली.

तसा लष्कराचा आणि आपल्या महापाषाणांचा, म्हणजे प्राचीन दफनांवर मोठे गोटे लावलेल्या या जागांचा, संबंध काही नवा नाही. कामठीची छावणी १८२१ ची, आणि तिच्यापासून मैलभरावर वारेगावच्या शिवारातलं एक मोठं वर्तुळ १८६७ मधे पिअर्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानंच खणलं होतं, त्याचं लेखन इंग्लंडात छापून पण आलं. विदर्भातल्या महापाषाणांवरचं हे अगदी सुरुवातीचं काम. म्हणजे साहेब लोकांसमोर बसाल तेव्हा हा किस्सा सांगा, चहा लवकर येते.

पहिलं काम: जागा नेमकी कोणाची ते काढा

इथंच निम्मे लोक अडकतात. बोर्डावर आर्मी लिहिलं म्हणजे जमीन आर्मीची असं नसते. छावणीची जमीन जनरल लँड रजिस्टरमधे असते, छावणीबाहेरची मिलिटरी लँड्स रजिस्टरमधे, आणि दोन्हीसाठी डिफेन्स इस्टेट्स ऑफिस म्हणजे डीईओ. ऑर्डनन्स फॅक्टरीचं प्रकरण वेगळं, भद्रावती, जवाहरनगर, अंबाझरी या सगळ्या २०२१ पासून सरकारी कंपन्यांकडं गेल्या, तिथं अर्ज फॅक्टरीच्या मॅनेजमेंटकडं करावा लागते, स्टेशन हेडक्वार्टरला, म्हणजे लष्कराच्या स्थानिक कार्यालयाला, पत्र देऊन काही होत नाही.

आणि फील्ड फायरिंग रेंज म्हणाल तर ती जमीन बऱ्याचदा वन विभागाची नाहीतर महसूलची असते. १९३८ च्या मॅन्युव्हर्स, फील्ड फायरिंग अँड आर्टिलरी प्रॅक्टिस ॲक्टखाली राज्य सरकार अधिसूचना काढते आणि ठराविक मुदतीसाठी लष्कराला तिथं सराव करता येते. म्हणून तलाठ्याकडून सातबारा काढा, गट नंबर पाहा, राजपत्रातली अधिसूचना शोधा. वनजमीन निघाली तर डीएफओची म्हणजे विभागीय वन अधिकाऱ्याची परवानगी पण लागेलच.

या १९३८ च्या कायद्यात एक कामाची गोष्ट आहे जी फार लोकांना माहीतच नसते. सरावाच्या निमित्तानं कोणत्या जागी शिरायचं नाही, हात लावायचा नाही, याची त्यात यादी आहे, आणि त्या यादीत देवस्थानं, पवित्र मानलेल्या विहिरी-तलाव, दफनभूमी यांच्यासोबत प्राचीन स्मारकं पण आहेत. पत्रात याचा एका ओळीत उल्लेख करा. धमकी म्हणून नाही, आठवण म्हणून.

दुसरं: कायदा किती साथ देते ते पाहा

जागा केंद्र सरकारच्या संरक्षित यादीत असली तर १९५८ चा कायदा आणि २०१० ची दुरुस्ती लागू होते, १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढं २०० मीटर नियंत्रित. राज्याच्या यादीत असली तर महाराष्ट्राचा १९६० चा कायदा. दोन्हीत नसली, आणि विदर्भातली बरीचशी वर्तुळं दोन्हीत नाहीत, तर मग हाताशी १९७२ चा पुरावस्तू कायदा आणि १८७८ चा निखात निधी कायदा उरतात. दोन्ही वस्तूंसाठी आहेत, गोट्यांच्या वर्तुळाला त्यांचा फार आधार नाही. तिथं मग समजावून, ओळखीनं आणि कागदानंच काम करावं लागते. खोदायला तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं लायसन्स लागतेच, नुसत्या पाहणीसाठी पण त्यांचं पत्र सोबत ठेवा, नागपुरात त्यांचं मंडळ कार्यालय आहे.

तिसरं: घरी बसून होईल तेवढं घरीच करा

आत मिळणारे दिवस थोडे असतात. सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट घ्या, नागपूर-कामठी ५५ ओ मधे येते, पुलगाव ५५ एल, भद्रावती ५५ पी. जुनी गॅझेटियरं चाळा, विद्यापीठातले जुने प्रबंध काढा. गुगल अर्थवर मार्च ते मेच्या तारखांच्या जुन्या इमेज पाहा, गवत वाळलेलं असते, वन विभागानं जाळरेषा जाळलेल्या असतात, मोठी वर्तुळं ठिपक्यांच्या बांगडीसारखी दिसतात. दिवाळीच्या आधीच्या इमेज पाहूच नका, तरोटा आणि गाजरगवतानं सगळं झाकलेलं असते. ड्रोनचा विचार डोक्यातून काढून टाका, लष्करी भाग रेड झोन आहे, म्हणजे तिथं ड्रोन उडवायला बंदी.

आणि ढोरकी, मोहफुलं वेचणाऱ्या बाया, तेंदूपत्त्यावाले यांच्याशी बोला. महापाषाण असं विचारू नका, 'ढोरं सावलीला बसवता तिथं मोठाले गोटे आहेत का', 'शेंदूर लावलेला गोटा कुठं आहे' असं विचारा. बायांना तर कोणत्या झाडाखाली काय आहे ते झाडागणिक माहीत असते.

चौथं: परवानगीचं पत्र

एक पान. जास्त लिहिलं का कोणी वाचत नाही. तुम्ही कोण, कोणत्या संस्थेचे, काय पाहायचं, कोणता भाग, कोणत्या महिन्यात, किती माणसं, गाडी नंबर, सोबत काय उपकरणं. 'खोदकाम करणार नाही, कोणतीही वस्तू उचलणार नाही' हे ठळक. 'फोटो आणि नोंदी तपासणीसाठी आधी आपल्याकडं देऊ' हे त्याहून ठळक, कारण १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट त्यांच्या डोक्यात सतत असते आणि तुमच्या पण असायला पाह्यजे. सोबत विभागप्रमुखाचं पत्र, आधार, पोलीस व्हेरिफिकेशन. पत्र हिंदीत किंवा इंग्रजीत द्या, कमांडिंग ऑफिसर पंजाबचा असेल नाहीतर केरळचा, मराठी पत्र क्लार्कच्या ट्रेमधेच राहते.

पत्र पोळ्याच्या आधी गेलं पाह्यजे. फाइल वर जाते, खाली येते, मधे साहेबाची बदली होते. डिसेंबर-जानेवारीत आत जायचं असेल तर एवढा वेळ धराच. बोलावणं आलं तर वेळेच्या आधी पोचा, जय हिंद सर म्हणा, आणि भाषण देऊ नका. आणि ज्या सुभेदार साहेबांच्या हाती रेंजचं रोजचं काम आहे त्यांना वेगळं भेटा, कर्नल साहेब सही करतील पण तुम्हाला वर्तुळापर्यंत नेणारे सुभेदार साहेबच राहतात.

पाचवं: जिवंत परत या

हे गमतीनं लिहीत नाही. पुलगावच्या दारूगोळा भांडारात २०१६ च्या मे महिन्यात काय आग लागली होती ते वर्धा जिल्ह्यातल्या कोणालाही विचारा. २०१८ च्या नोव्हेंबरात तिथंच जुना दारूगोळा निकामी करताना स्फोट झाला, त्यात आजूबाजूच्या गावांतले मजूर पण गेले. रेंजमधे न फुटलेला गोळा पडलेला असतो, त्याला जवान ब्लाइंड म्हणतात. तो मातीत अर्धा असते, गंजून गोट्याच्या रंगाचा झालेला असते.

म्हणून लाल झेंडा वर असेल तर आत पाऊल नाही. फायरिंगचं कॅलेंडर आधी मागून घ्या. सोबत दिलेल्या जवानाच्या मागंच चाला, दोघं-दोघं फुटू नका. लोखंडाचा तुकडा दिसला का हात लावायचा नाही, पायानं उलटायचा नाही, जवानाला दाखवायचा आणि आलो त्याच वाटेनं मागं. मेटल डिटेक्टर नाही, खुरपं नाही, जमिनीत खुंटी ठोकायची नाही, टेपचं टोक माणसानं धरायचं. भंगार वेचणारे गावातले लोक आत दिसतील, त्यांच्या मागं जाऊ नका, त्यांची पोटाची गरज आहे, तुमची नाही.

सहावं: वर्तुळ ओळखणं

आता खरी मजा. रेंजमधे गोल लावलेले गोटे तीन प्रकारचे सापडतात. एक आपलं महापाषाणी वर्तुळ, अंदाजे अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचं. दुसरं, जमीन लष्कराकडं जायच्या आधीच्या शेतकऱ्यानं वावरातून काढून टाकलेला ढीग. आणि तिसरं म्हणजे संगर, जवानांनी आडोशाला रचलेली गोट्यांची बुटकी भिंत. नवीन पोट्टे संगर पाहून लय खूश होतात.

संगर लहान असते, एक-दोन माणसं लोळून मावतील एवढं, गोटे एका माणसाला उचलता येतील असे, दोन-तीन थरांत एकावर एक ठेवलेले, एका बाजूला जायला जागा आणि आत पाहिलं तर बहुतेक वेळा काडतुसाची रिकामी पुंगळी सापडते. महापाषाणी वर्तुळात गोटे एकाच रांगेत, अर्धे जमिनीत गेलेले, एकेक हलवायला चार गडी लागतील असे. व्यास बरेचदा १० ते २० मीटर. आतला भाग कडेपेक्षा जरासा उंच, तिथं मुरूम आणि बारीक गोटे भरलेले, भोवतालच्या मातीशी न जुळणारे. गोट्याच्या वरच्या अंगाला करडी-पिवळी दगडफुलाची खपली असते, ती एका पिढीत येत नाही. जुनापाणीसारख्या काही जागी गोट्यांवर ओळीत कोरलेले वाटीएवढे खळगे पण आहेत, ते पाहायला सकाळी आठच्या आत नाहीतर चार वाजल्यानंतर जा, तिरप्या उन्हात दिसतात, दुपारी डोळ्यासमोर असले तरी दिसत नाहीत. आणि एक वर्तुळ दिसलं तर थांबू नका, सहसा ती घोळक्यानं असतात.

सगळ्यात वाईट प्रकार मिश्र असते. एका ठिकाणी वर्तुळाचे निम्मे गोटे जागेवर, आणि बाकीचे शंभर पावलांवरच्या रस्त्याच्या कडेला, गेरू-चुना मारून एक लाल एक पांढरा असे ओळीनं. व्हीआयपी व्हिजिट होती म्हणे. यात कोणाचा वाईट हेतू नव्हता, रस्ता साफ दिसला पाह्यजे असा हुकूम आणि जवळ तयार गोटे. अशा वेळी रंगवलेल्या गोट्यांचा पण फोटो आणि मोजमाप घ्या, मूळ जागेवरचे खड्डे अजून दिसत असतील तर ते पण.

वर्तुळांच्या पलीकडं पण पाहा. उठून गेलेल्या गावाची पांढरी, ओढ्याकाठी दगडी हत्यारं घडवताना उडालेल्या गारगोटीच्या छिलक्या, वीरगळ, बांधीव विहीर, गोऱ्या सोल्जरांची कबर. पांढरीला सगळ्यात जास्त धोका, कारण तिची माती राखेसारखी भुसभुशीत, रिक्रूटला खंदक खणायला सांगितलं का तो मुरमात कशाला घाम गाळेल, पांढरीवरच जाते. वाळूच्या गोण्या भरायला पण तीच माती सोपी. २००३-०४ मधे इराकात बॅबिलॉनच्या अवशेषांवर परदेशी फौजांचा तळ होता, तिथं खंदक खणले, प्राचीन खापरं असलेली माती गोण्यांत भरली, जगभर बोंब झाली. हे उदाहरण ऑफिसरांना लगेच समजते.

नोंद घेताना प्रत्येक वर्तुळाला नंबर, जीपीएस वाचन, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम व्यास, गोट्यांची संख्या, किती जागेवर किती हललेले, आत खड्डा आहे का, चाकाचे ओरखडे आहेत का. चारही बाजूंनी पट्टी ठेवून फोटो. खापर किंवा मणी दिसला तर फोटो काढून तिथंच सोडा, खिशात टाकलं का तुमचीच गोष्ट गुप्तधनवाल्यांच्या पंगतीत जाते.

सातवं: त्यांच्या भाषेत नकाशा

इथं आपले पुरातत्त्ववाले कमी पडतात. चाळीस पानांचा अहवाल देतात, त्यात काळे-तांबडे मृद्भांडे आणि घोड्यांचे लोखंडी लगाम यावर वीस पानं. रेंज ऑफिसरला त्यातलं काही नको. त्याला पाह्यजे एक पान: १:५०,००० च्या नकाशावर ग्रिड रेफरन्स, भोवती लाल रेघ, आणि खाली तीन ओळी. इथं खोदू नका. इथून गाडी नेऊ नका. इथला गोटा उचलू नका. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळते, त्यात हे दुपारभरात होते. भोवती किती मोकळी जागा सोडायची हे वर्तुळापुरतं पाहू नका, घोळका धरून एकच हद्द आखा, दहा छोटे लाल ठिपके कोणी पाळत नाही, एक मोठा लाल तुकडा पाळतात.

जमिनीवर खूण करायची तर त्यांच्याच सवयीची, लोखंडी अँगल, पांढरी पट्टी आणि आउट ऑफ बाउंड्सचा बोर्ड. अँगल कुठं ठोकायचे ते त्यांनाच ठरवू द्या, ती जमीन तपासलेली आहे का ते त्यांनाच माहीत. बोर्डावर प्राचीन दफन वगैरे लिहायचं नाही. आपल्याकडं गुप्तधनासाठी अमावास्येला कोंबडं घेऊन खोदणारे कमी नाहीत, बोर्ड वाचून त्यांना पत्ताच मिळेल. त्याच कारणानं जे काही छापाल त्यात नेमके अक्षांश-रेखांश देऊ नका, तालुका सांगितला तरी पुरे.

आठवं: बांधकामाच्या आधी शिरा

नवीन शेड, रस्ता, बंकर काही बांधायचं तर जागा ठरवायला सायटिंग बोर्ड बसते, पुढचं काम एमईएसकडं, म्हणजे लष्कराच्या बांधकाम खात्याकडं. तुमचा एक पानी नकाशा सायटिंग बोर्डाच्या कागदांना जोडला गेला तर अर्धी लढाई तिथंच जिंकली, कारण त्या टप्प्यावर शेड पन्नास मीटर सरकवायला काही खर्च येत नाही. टेंडर निघाल्यावर कोणी ऐकत नाही, आणि ठेकेदाराला मुरूम लागते, तो जवळची उंचवट्याची जागा पाहतोच. म्हणून मुरूम कुठून काढायचा हे पण त्याच कागदात लिहून घ्या.

खोदताना मडकं, हाडं, लोखंड काही निघालं तर काम थांबवा, दोरी बांधा, वरिष्ठांना कळवा, तिथून जिल्हाधिकारी आणि पुरातत्त्व खातं. निखात निधी कायद्यात दहा रुपयांच्या वर किमतीचं काही जमिनीत सापडलं तर सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं असते. दहा रुपये १८७८ चे, पण कायदा आजही तोच. हे जेसीबीच्या ड्रायव्हरला सांगून ठेवा, सगळ्यात आधी त्यालाच दिसते.

नववं: गाव

कुंपणाच्या आत गेलेल्या जमिनीत कोणाचं वावर होतं, कोणाचा महादेव आहे. काही ठिकाणी वर्षातून एकदा पूजेला गेट उघडतात, काही ठिकाणी तेही नाही. तुम्ही आत जाऊन आले आणि गावात काहीच बोलले नाही तर लोक म्हणतील बाप्पा, यांना गोटे पाहायला सोडते आणि आम्हाला आमच्या देवाला नाही. बरोबरच आहे त्यांचं. पोलीस पाटील आणि सरपंचांना आधी भेटा, कोणती देवस्थानं आत आहेत ते नकाशावर तुमच्या वर्तुळांसोबतच टाका. नागपूरचा सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडं आहे तरी वर्षातले ठराविक दिवस लोकांसाठी उघडतो ना, मग गावच्या यात्रेसाठी एक दिवस मागायला काय हरकत आहे. मात्र मिळवून देतो असा शब्द देऊ नका, मागू एवढंच म्हणा.

दहावं: बदलीच्या आधी

दोन-अडीच वर्षांत साहेब बदलतो, युनिट बदलते, सुभेदार साहेब पेन्शनवर जातात आणि नवीन माणसाला तुमचा लाल तुकडा म्हणजे काय ते माहीत नसते. म्हणून परवानगी मिळाली, नकाशा दिला, फोटो काढले, एवढ्यावर घरी बसायचं नाही. रेंजच्या स्टँडिंग ऑर्डरमधे, म्हणजे कायमच्या सूचनांत, तीन ओळी घालून घ्या, आणि हँडिंग-टेकिंगच्या, म्हणजे चार्ज सोपवायच्या, कागदात नकाशाची प्रत लावायला सांगा, ही प्रत लागली का पुढच्या साहेबाची पण सही त्यावर येते. एक प्रत डीईओकडं, एक पुरातत्त्व खात्यात, एक विद्यापीठाच्या विभागात. वर्षातून एकदा, शक्यतो होळीच्या आसपास गवत बसल्यावर, त्याच त्या जागी उभं राहून तेच फोटो परत काढा आणि एक पानी पत्रासोबत पाठवा: इतकी वर्तुळं जशीच्या तशी, इतक्यांना चाक लागलं, धन्यवाद. धन्यवाद आधी आणि तक्रार नंतर लिहिलेलं पत्र वरपर्यंत जाते. आणि युनिटनं खरंच काही सांभाळलं असेल तर तसं त्यांच्या वरच्या हेडक्वार्टरला पण कळवा, सुभेदार साहेबांचा हुद्दा लिहून.